विहंगच्या नावाचं पहिलं पान

१७ जानेवारी २०११, सोमवार

इंटरनेटची लाईन बंद करायची म्हणून कंपनीला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, अर्ज ऑनलाइन करा. म्हणजे इंटरनेट बंद करायलाही इंटरनेट लागतं. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केल्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. विहंगच्या कंप्यूटरवर दोन महिने चादर होती, ती काढली आणि बसलो.

अर्ज राहिला बाजूला. गूगलच्या चौकटीत त्याचं नाव टाकलं, विहंग खिरवडकर. काहून टाकलं ते माहीत नाही. सगळ्यात वर बातमी आली, १५ नोव्हेंबरची. इथल्याच, रायपूरच्या एका हिंदी पेपरची. ‘एनीकट में नहाने गया छात्र डूबा.’ एनीकट म्हणजे नदीवरचा बुटका बांध, पाणी अडवायचा. खाली आठ ओळी. कोण कोण मित्र होते, किती वाजले होते, अंगात काय होतं. शेवटची ओळ: ‘सूत्रों के अनुसार सभी युवक नशे में थे.’

त्याच्याखाली कॉलेजची एक यादी, रोल नंबरसकट. मग दुसरीच कुठली माणसं. बावीस वर्षांचा मुलगा, आणि नाव टाकलं की सूत्रं येतात.

इंदूला ही बातमी माहीत नाही. त्या आठवड्यात मी घरात पेपर येऊ दिला नव्हता. तिला कंप्यूटरही येत नाही, ते बरं आहे. ती आत्ता रमाकडे गेली आहे. रमा तिची धाकटी बहीण, समता कॉलनीत राहते. इंदू रोज तीनला जाते, साडेचारला येते. रमाची देवश्री पुण्याला नोकरीला आहे, तिच्याशी दोघी कंप्यूटरवर बोलतात असं ऐकलं. तेवढाच विरंगुळा.

जेवण: वरणभात, मेथी. दुपारी झोपलो नाही.

२० जानेवारी, गुरुवार

यज्ञेश्वरची सून सोनिया वेबसाइटी बनवते. सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावर तिची खोली आहे. जिना असा की एक उतरल्याशिवाय दुसरा चढू शकत नाही. यज्ञेश्वर माझा चाळीस वर्षांचा स्नेही, आपल्या मराठी मंडळाचा सचिव, म्हणून गेलो. नाहीतर गेलो नसतो.

सोनियाला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदी. बातमी पाहून तिने चहा मागवला. मग म्हणाली, “काका, ये पेज हम हटा नहीं सकते. हमारा है ही नहीं. नीचे कर सकते हैं.”

मी म्हणालो, “खाली म्हणजे किती?”

“दूसरे पन्ने पर. वहाँ तक कोई जाता नहीं.”

मग तिने सगळं समजावलं. मी कागदावर उतरवून घेतलं. एक प्रोग्राम असतो, तो रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरतो. एका पानावर दुसऱ्याचा दुवा दिसला की तिकडे जातो. जिथे जाईल तिथलं वाचतो आणि कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची एक सूची करतो. आपण काही विचारलं की तो जगात शोधायला जात नाही, सूचीत बघतो. सूचीत नसेल ते त्याच्या लेखी नाहीच.

हे मला लगेच समजलं. छत्तीसगड राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळहून ट्रक भरभरून नस्त्या, म्हणजे फायली, आल्या. मी रेकॉर्ड कीपर. चौदा महिने मी सूचीच करत होतो. सूचीत राहून गेलेली नस्ती कपाटात असली काय नि नसली काय.

“आणि वर कोण, खाली कोण, हे कोण ठरवतो?” मी विचारलं.

“बहुत सी बातें देखता है. सबसे बड़ी बात, उस पेज की तरफ कितने लोग इशारा कर रहे हैं. और वो लोग खुद कौन हैं.”

म्हणजे वशिला. तेही समजलं.

येताना पायीच आलो. रेकॉर्ड रूममध्ये एक पद्धत होती. साहेबांना एखादी नस्ती नको असली तर ती गहाळ करायची नाही, चौकशी लागते. तिच्यावर चाळीस नस्त्या ठेवायच्या. मागणारा दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

२४ जानेवारी, सोमवार

पान तयार झालं. सोनियाने जागा करून दिली, मजकूर माझा. नाव, जन्मतारीख, शाळा, दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, इंजिनिअरिंगचे सहा सेमिस्टर, तबल्याच्या दोन परीक्षा, रक्तगट. फोटो दहावीच्या ओळखपत्राचा लावला.

नाव जितक्या वेळा येईल तितकं चांगलं, असा माझा हिशेब. एकसष्ट वेळा आलं आहे. ‘विहंग खिरवडकर यांचा जन्म रायपूर येथे झाला. विहंग खिरवडकर यांचे शिक्षण रायपूर येथे झाले.’ ‘यांचा’ लिहिताना जरा थांबलो होतो. पण सेवापुस्तकात तसंच लिहितात.

इंदू दारात येऊन उभी राहिली होती. “काय करून राहिले तुमी दिवसभर त्या डब्ब्यापुढं?” मी म्हणालो, पेन्शनचं काम आहे. हव म्हणाली आणि गेली.

३ फेब्रुवारी, गुरुवार

दहा दिवस झाले, पानाचा पत्ता नाही. नाव टाकलं की बातमी येते, कॉलेजची यादी येते, माझं पान नाही. सोनिया म्हणते, त्या फिरणाऱ्याला तुमचं पान अजून सापडलंच नाही. कोणी दुवा दिलेला नाही, तो येणार कुठून.

यज्ञेश्वरला फोन केला. मंडळाची वेबसाइट आहे, तिच्यावर हळदीकुंकवाचे फोटो आणि माजी अध्यक्षांची नावं आहेत. मी म्हणालो, एक ओळ टाका, विहंगच्या पानाकडे बोट दाखवणारी.

तो म्हणाला, “टाकतो ना बापा. त्यात विचारायचं काय?” मग थोडं थांबून, “जेवतो बरोबर ना तू?”

जेवतो.

९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. तिसऱ्या पानावर, खालून दुसरं. मी त्याकडे बराच वेळ पाहत बसलो. आनंद झाला असावा. चहा दोनदा प्यायलो.

सोनियाकडे गेलो तर तिने वाचून कपाळाला हात लावला. “काका, ये नाम साठ बार क्यों है?”

“वर यावं म्हणून.”

“इसको ठूँसना बोलते हैं. पहले चलता था. अब वो समझ जाता है कि कोई ज़बरदस्ती कर रहा है, और पीछे डाल देता है.” मग स्क्रीनकडे पाहतच म्हणाली, “आप ऐसे लिखिए न, जैसे कोई पढ़ने बैठे. कैसा था, क्या करता था. जो ढूँढने आएगा उसको कुछ मिलना चाहिए.”

मी म्हणालो, रक्तगट आहे की.

घरी येऊन नाव अकरा वेळांवर आणलं. मधल्या जागा रिकाम्या वाटतात. काय घालावं सुचलं नाही, म्हणून त्याच्या सायकलचा रंग लिहिला. मग मोटरसायकलचा.

१३ फेब्रुवारी, रविवार

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. ही वही कोणाच्या सूचीत नाही.

त्या दिवशी सरकारी दवाखान्यात ओळख पटवायला मला आत नेलं. मी वाकलो. वास येत होता. नदीचा आणि त्याच्याखाली दुसरा. सूत्रं खोटं बोलली नव्हती.

मित्र घरी आले होते नंतर, त्यांना मी विचारलं नाही. त्यांतला अनिमेष तर माझ्या पायाशीच बसून होता. त्यालाही नाही. मला त्या ओळीशी भांडायचं आहे आणि ती ओळ खरी आहे, हे दोन्ही एकदम डोक्यात असतं. त्याने काही होत नाही. नळाला पाणी आलं की बादली लावतो, भरली की काढतो.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

सोनियाने नवीन सोय दाखवली. पानावर कोण येऊन गेलं ते कळतं. नाव नाही कळत, पण शहर, वेळ आणि किती वेळ थांबलं ते कळतं. आणि काय शब्द टाकून आलं तेही.

पंधरा दिवसांत एकूण अठ्ठावीस भेटी. त्यातल्या अकरा माझ्याच. नागपूरच्या चार, बिलासपूरच्या दोन, नातेवाईक असतील. उरलेल्या अकरा एकाच माणसाच्या दिसतात. रायपूर. रोज, वेळ सव्वातीन ते चार. येतो, दहा सेकंद थांबतो, निघून जातो.

मी म्हणालो, पेपरवाला असेल. आपण काय करतोय त्यावर नजर ठेवतो.

सोनियाने शब्द वाचले. सगळे देवनागरीत, मराठी. ‘विहंग खिरवडकर पाणी’. ‘विहंग खिरवडकर किती वेळ’. मग ती म्हणाली, “काका, ये जो भी है, कुछ पूछ रहा है. आपके पेज पर वो है नहीं, इसलिए लौट जाता है. फिर उसी न्यूज़ पर जाता होगा.”

मराठीत विचारणारा हिंदी पेपरचा माणूस. असतात, इथल्या तात्यापारा मोहल्ल्यातली कितीतरी मराठी पोरं पेपरांत आहेत.

२३ फेब्रुवारी, बुधवार

रमा तिच्या जाऊबाईंच्या नातवाच्या बारशाला दुर्गला गेली आहे, शनिवारी येणार. इंदू दुपारभर घरी. कपाटं आवरली, डबे घासले. तीन वाजता चप्पल घालून अंगणात गेली आणि परत आली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, कुठं नाही.

पेपरवाला रविवारपासून आलेला नाही. कंटाळला बहुतेक. चाळीस नस्त्यांचा नियम इथेही चालतो.

२७ फेब्रुवारी, रविवार

रमा काल परतली. इंदू गेली होती. येताना तिने डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि पडून राहिली. स्वयंपाक मी केला. खिचडी खाली लागली.

पेपरवाला पुन्हा सुरू झाला. काल सव्वातीनला आला होता. नवीन शब्द: ‘विहंग त्रास झाला का’.

कोणी अशी चौकशी करतं का. बातमीला अजून मसाला पाहिजे असेल. मी पानाच्या शेवटी हिंदीत दोन ओळी घातल्या: कृपया परिवार को कष्ट न दें.

५ मार्च, शनिवार

आज नाव टाकलं आणि माझं पान सगळ्यात वर. मी पुन्हा टाकलं. पुन्हा वर. बातमी पहिल्या पानावर नाहीच, दुसऱ्यावर आठवी. कंप्यूटर बंद करून चालू केला. तसंच.

सहा आठवडे. रोज मी नाव टाकतो आणि शोधून शोधून आपलं पान उघडतो, बातमीला चुकूनही हात लावत नाही. मेहनतीला फळ येतं म्हणतात ते असं.

यज्ञेश्वरला फोन केला. म्हणालो, उद्या मंडळात दाखवतो. सगळ्यांना कळू दे की नाव टाकलं तर काय येतं.

६ मार्च, रविवार

हात दाखवून अवलक्षण.

मंडळाच्या ऑफिसात कार्यकारिणीची आठनऊ माणसं होती. चौबे कॉलनीतले मारोतराव आणि प्रेमलाबाई, बाकीचे नेहमीचे. यज्ञेश्वरने मला खुर्ची दिली. मी म्हणालो, तूच टाक नाव. म्हणजे कोणी म्हणायला नको. त्याने टाकलं.

बातमी. सगळ्यात वर. माझं पान कुठेच नाही, चष्मा पुसून पाहिलं तर तळाला.

मी म्हणालो, स्पेलिंग चुकलं असेल. नव्हतं चुकलं. यज्ञेश्वर खाली जाईल असं वाटलं, तर त्याने सवयीने पहिल्यालाच टिचकी मारली. बातमी उघडली. कोणी बंद करेना. सगळे वाचू लागले, आणि वाचता वाचता प्रेमलाबाईंचे ओठ हलायला लागले. शेवटची ओळ त्यांच्या तोंडून जरा मोठ्याने निघाली. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

मारोतराव म्हणाले, “पोट्टा चांगला होता, गंगाधरराव. कोनी काही लिहो.”

मी हो म्हणालो. चहा आला होता, तो प्यायलो. कपही धुऊन ठेवला.

सोनियाला फोन केला. ती म्हणाली, “काका, आपके घर का कंप्यूटर आपको पहचान गया है. आप रोज़ वही खोलते हैं, तो आपको वही ऊपर दिखाता है. सिर्फ़ आपको. मुझे पहले ही बता देना चाहिए था.”

म्हणजे सहा आठवडे मी एकट्याने स्वतःला फसवलं. रेकॉर्ड रूममध्ये निदान मागणारा दुसरा असायचा.

११ मार्च, शुक्रवार

काही केलं नाही.

१६ मार्च, बुधवार

सोनियाने माझ्या पाठीमागे पेपरच्या ऑफिसात बोलणं केलं. ओळखीतून ओळख. ते बातमी काढून टाकायला तयार आहेत. अट एकच, आईवडील दोघांच्या सहीचा अर्ज पाहिजे. बातमी निघाली की तो फिरणारा पुढच्या खेपेला येऊन पाहतो, पान सापडत नाही, सूचीतून नाव खोडतो. दोनतीन आठवडे लागतात. मग विहंगच्या नावावर ती ओळ कुठेच राहणार नाही.

हे आधीच का नाही केलं? मला सुचलंच नाही. मागायचं असतं हे माहीत नव्हतं, दाबायचं माहीत होतं.

अर्ज मी हिंदीत लिहिला. भाषा चांगली जमली आहे. ‘विषय: समाचार विलोपित करने बाबत.’ माझी सही केली. इंदूची जागा मोकळी ठेवली. तिला कसं सांगायचं हा प्रश्न आहे. बातमीच तिला माहीत नाही. पोटातलं न काढता कागदावर सही घ्यायची म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

उद्या सांगेन. मजकूर हाताने झाकून धरायचा आणि पेन्शनचा कागद म्हणायचा, असंही मनात येऊन गेलं.

१७ मार्च, गुरुवार

झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी अकराच्या सुमारास इंदू ओट्यापाशी बसून शेंगा सोलत होती. मी अर्ज पुढे केला आणि म्हणालो, सही कर. पेन्शनचा म्हणालो नाही. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतला. दोनदा वाचला. मग घडी करून शेंगांच्या टोपलीखाली ठेवला.

“ते काढू नका,” म्हणाली.

मी विचारलं, “तुला माहीत आहे ती बातमी?”

“रोज पाहतो मी. रमाकडे.” परत शेंग उचलली, सोलली नाही. “देवश्रीनं शिकवलं मले. आधी तुमचं पान वर येते का पाहतो, मग ते पाहतो. तुमच्या पानावर काहीच नाही.”

सव्वातीन. समता कॉलनी. मला ते तेव्हा कळलं. अकरा भेटी, रमा दुर्गला गेली ते दिवस, ते शब्द. मी ज्याला परिवार को कष्ट न दें लिहिलं होतं तो माणूस. महिनाभर नोंदी माझ्या हातात होत्या. सूची करणारा माणूस मी, आणि घरातली एक नोंद मला लावता आली नाही.

मी म्हणालो, “त्यात शेवटी काय लिहिलंय ते वाचलं ना?”

“वाचलं. पेले असतील दोन घोट. बावीस वर्षांचा पोट्टा होता.” तिचा आवाज चढला नव्हता. “त्यात त्याचा शर्ट आहे. आसमानी चेक्सचा. मले तर हेही माहीत नव्हतं की घालून काय गेला होता, मी मंदिरात होतो तवा. त्यात चार वाजून दहा मिनिटं लिहिलंय. ते काढून टाकाल तर मी काय पाहू?”

मी टोपलीकडे पाहिलं.

“तुमी दवाखान्यातून घरी आले अन् म्हन्लं, विहंग गेला, आंघोळीचं पाणी ठेव. बस. एवढंच सांगितलं तुमी मले. मंग बायका आल्या, मले धरून बसल्या. त्याले आणलं तवा बांधलेला होता. चेहरा पाह्यला, तर प्रेमलाबाईनं डोळ्यावर हात ठेवला, जास्त पाहू नको म्हणून. घाटावर बायकांनी जायचं नाही. तुमी गेले, तुमी पाह्यलं, तुमी आले. मंग मी कोणाले विचारू? त्या डब्ब्याले विचारलं.”

एवढं बोलून ती थांबली. मी खाली तिच्यासमोर बसलो. माझे गुडघे दुखतात, ओट्यापाशी मी कधी बसत नाही. टोपली मध्ये होती ती बाजूला सरकवली.

“विचार,” मी म्हणालो.

तिने चष्मा काढून ठेवला. मग एकेक विचारत गेली, आणि मी सांगत गेलो. मला वाटलं होतं यातलं माझ्याजवळ काही शिल्लक नसेल. सगळं होतं, ओळीने होतं.

त्याला बाहेर कोणी काढलं? दोन केवट, तिथले नावाडी. त्यांतल्या म्हाताऱ्याने. त्याने स्वतःचं लुगडं, म्हणजे त्याच्या बायकोचं वाळत घातलेलं, आणून पांघरलं. हिरवं होतं. किती वेळ पाण्यात होता? चाळीस मिनिटं म्हणाले. पोहायला का गेला, येत तर नव्हतं? अनिमेषने दवाखान्याच्या व्हरांड्यात न विचारताच सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं आणि कोणाला बोललो नाही. पोहायला नव्हता गेला. कडेच्या दगडावर पाय सोडून बसला होता, उठताना घसरला. गाणं म्हणत होता. कोणतं? ते नाही विचारलं मी. विचारायला पाहिजे होतं, ती म्हणाली. हो, मी म्हणालो. अनिमेषला उद्या फोन करू.

डोळे उघडे होते? मिटलेले. तोंड? थोडं उघडं, झोपेत असायचं तसं. वास आला का दारूचा? आला. तिने मान हलवली. चेहऱ्यावर त्रास दिसत होता? मी आठवून पाहिलं. खोटं सांगायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. नाही, म्हणालो, कपाळ सरळ होतं.

शेंगा तशाच. बाहेर भाजीवाला ओरडून गेला. कुकर लावायचा राहून गेला होता, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग तिने विचारलं, “पाणी थंड होतं का?”

हे मला कोणीच विचारलं नव्हतं, पोलिसांनीही नाही. पण मला माहीत होतं. पंचनामा चालू होता तेव्हा मी उतरून त्या दगडापाशी गेलो होतो, आणि कशासाठी ते न कळता पाण्यात हात घातला होता.

“वरवर कोमट होतं,” मी म्हणालो. “दिवसभराच्या उन्हाने. खाली थंड होतं.”

“खाली म्हणजे किती?”

“कोपरापर्यंत घातला होता मी.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “कोणता हात?”

मी उजवा पुढे केला. तिने शर्टाची बाही वर सारली आणि पदराने मनगटापासून कोपरापर्यंत हात पुसू लागली, बोटांच्या मधेसुद्धा. हात कोरडा होता. मला रडू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि आवाज करून आलं. ती पुसत राहिली.